तेलाचा हात

गोंदियात फिटरचं आयटीआय केलेल्या पोराला पहिलं काम बहुतेक राईस मिलमध्येच मिळतं. मलाही तिथेच मिळालं. शाफ्ट, बेअरिंग, एलिव्हेटरचे पट्टे यांत हात तयार झाला आणि एक सवय अंगात मुरली: कुठे कुरकुर ऐकू आली, की आधी ग्रीस.

पुढे दवाखान्यात लागलो, तेव्हा तिथल्या मिस्त्रीकाकांनी मला ऑक्सिजनच्या खोलीच्या दारातच अडवलं. "साबणानं हात धुऊन ये, बाबू. अन् खिशातली ती चिंधी बाहेर ठेव."

"पण काका, व्हॉल्व्ह जाम झाला तर?"

"तर बदलायचा. तेल नाही घालायचं."

भरलेल्या जंबो सिलिंडरमध्ये सुमारे दीडशे किलोचा दाब असतो. एवढ्या दाबाच्या ऑक्सिजनमध्ये हाताचा नुसता तेलकट ओशटपणा लागला, तरी तो ठिणगीशिवाय पेट घेऊ शकतो. म्हणून इथले पाने वेगळे ठेवायचे, व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा, गळती साबणाच्या पाण्यानं शोधायची. मिलमध्ये ज्या सवयीचं कौतुक झालं, तीच इथे मोडावी लागली, आणि ते शिकवणारा माणूस भेटला हे माझं भाग्य.

मॅनिफोल्डला सिलिंडरच्या दोन रांगा असतात. एक उतरली की दुसरी चालू होते. तिथून दाब चार किलोवर आणून गॅस वॉर्डात जातो. वरच्या मजल्यावर सालेकसा, देवरी, अगदी पलीकडच्या बालाघाटकडचेही रुग्ण असतात. त्यांना ही खोली माहीत नसते आणि माहीत असण्याची गरजही पडू नये.

ऑटोक्लेव्हचं गॅसकेट, सक्शनचा पंप, लिफ्ट, जनरेटर ही कामंही आमचीच. पण कोविडच्या काळात ठिकठिकाणी बसवलेल्या पीएसए प्लांटइतकी निगा कशालाच लागत नाही. हा प्लांट हवेतला नायट्रोजन झिओलाइटच्या दाण्यांत अडकवतो आणि साधारण ९३ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन देतो. झिओलाइटला ओलावा चालत नाही, कंप्रेसरला धूळ चालत नाही. आमच्याकडे पावसाळा दमट, आणि धानाचा हंगाम आला की हवेत भुशाची धूळ. पुस्तकात लिहिलेल्या तारखेची वाट पाहत बसलं, तर फिल्टर त्याआधीच चोंदतो.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. १९९९ पर्यंत आमचं गोंदियाही त्याच जिल्ह्यात होतं, आमची निम्मी सोयरीक तिकडची. २०२१ मध्येच २१ एप्रिलला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, दाब घसरला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. या दोन्ही बातम्यांनी आमच्या खोलीतली माणसं हादरली. तेव्हापासून कुणाला सांगावं लागत नाही; पाळी बदलताना नवा माणूस स्वतः गेज पाहिल्याशिवाय जुना घरी जात नाही.

दवाखान्याला यंत्र देणाऱ्या संस्थांना आणि मंजुरी देणाऱ्या साहेबांना एवढंच सांगणं आहे: यंत्रासोबत त्याच्या फिल्टरचे, गॅसकेटचे पैसे दरवर्षी द्या, आणि ते सांभाळायला शिकलेला कायम माणूस तिन्ही पाळ्यांना नेमा.