शिक्षकेतर

'शिक्षकेतर' हा शब्द विद्यापीठांच्या कायद्यात, परिपत्रकांत, संघटनांच्या नावांत आणि वर्तमानपत्रांच्या बातम्यांत इतक्या वेळा येतो की, त्याच्या घडणीकडे आपले लक्षच जात नाही. शिक्षक अधिक इतर अशी ही गुणसंधी आणि 'शिक्षकाहून इतर' असा हा पंचमी तत्पुरुष समास. 'मानवेतर', 'ललितेतर' हे शब्द याच साच्यातले. अशा शब्दांत एका गोष्टीला मध्यभागी ठेवलेले असते आणि उरलेले सारे तिच्या बाहेर, एका नावाखाली गोळा केलेले असते. शिक्षकेतर कर्मचारी काय करतो हे या शब्दातून कळत नाही. तो काय करत नाही, एवढेच कळते. झाडणारी बाई, ग्रंथालयातला परिचर, परीक्षा विभागातला लिपिक, वीजतंत्री, माळी आणि रात्रीचा पहारेकरी ही इतकी निरनिराळी माणसे केवळ एका नकारामुळे एकत्र आलेली आहेत.

भाषाविज्ञानातील संशोधनाच्या निमित्ताने नव्वदच्या दशकात मी पुण्याच्या गणेशखिंडीतल्या विद्यापीठात येऊ लागले. पुढे महाविद्यालयात शिकवू लागल्यावरही अभ्यासमंडळाच्या बैठका, उत्तरपत्रिकांची तपासणी आणि जयकर ग्रंथालय यांमुळे हे येणे कधी थांबले नाही. तीस वर्षे एखाद्या परिसरात पाहुण्यासारखे वावरल्यावर तिथल्या वास्तूंपेक्षा तिथला दिवस अधिक ओळखीचा होतो. त्या दिवसाविषयी आणि तो चालवणाऱ्या माणसांच्या भाषेविषयी इथे लिहावयाचे आहे.

हा परिसर सुमारे ४११ एकरांचा आहे. त्यातली मनोऱ्याची मुख्य इमारत मूळची मुंबईच्या गव्हर्नरांची पावसाळी निवासवास्तू. सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, १८६० च्या दशकात, तिचे बांधकाम सुरू झाले. १० फेब्रुवारी १९४९ रोजी पुणे विद्यापीठ स्थापन झाले, बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर पहिले कुलगुरू झाले आणि राज्यकर्त्यांचे घर विद्येचे घर बनले. या इमारतीखाली एक भुयारी वाट आहे. स्वयंपाकघराकडून येणाऱ्या नोकरांनी पाहुण्यांच्या नजरेस पडू नये, म्हणून त्यांची ये-जा तिच्यातून होत असे, असे सांगितले जाते. आज ती वाट कुतूहलाचा विषय आहे. परंतु सेवा हवी आणि सेवक मात्र दिसू नये, ही इच्छा गव्हर्नरांबरोबर संपली असे मानण्याचे कारण नाही. पुष्कळदा ती भाषेत जाऊन बसते.

परिसरातला दिवस शिकवण्याने सुरू होत नाही; तो खराट्याच्या आवाजाने सुरू होतो. पहाटे फिरावयास येणारी मंडळी फाटकातून आत येतात, तेव्हा रस्त्यावरची पाने एका कडेला ओढून झालेली असतात. पहारेकऱ्यांची पाळी बदलते. रात्रपाळीचा माणूस नोंदवहीत वेळ लिहितो, सही करतो आणि रात्री कोणत्या विभागाचा दिवा चालू राहिला, कुठे साप निघाला, कोणत्या झाडाची फांदी पडली हे पुढच्याला तोंडी सांगतो. मग किल्ल्यांचे जुडगे हलू लागतात. ज्या वर्गात दहा वाजता कुणीतरी सोस्यूरचा चिन्हविचार शिकवणार असतो, त्या वर्गाचे कुलूप नऊ वाजता निघालेले असते, फळा पुसलेला असतो आणि पंखा चालतो की नाही हे पाहिलेले असते.

हे सारे करणाऱ्यांना परिसरात हाक मारतात ती 'मामा' आणि 'मावशी' अशी. बोली-अभ्यासकाला ही संबोधने फार काही सांगून जातात. दोन्ही नाती आईकडची आहेत. शिपायाला कुणी 'आजोबा' म्हणेल, क्वचित 'काका'ही म्हणेल. परंतु झाडणाऱ्या बाईला 'आत्या' म्हटल्याचे मी कधी ऐकले नाही. मराठी घरात आत्येला मान असतो, तिच्या रुसण्याला वजन असते. मावशीकडे माया मागावयाची असते. कामाच्या जागी आपण नाते उसने घेतो, तेव्हा मान मागणारे नाते टाळतो आणि माया देणारे निवडतो. आणखी एक बारकावा असा की, घरातल्या मावशीला आपण 'तू' म्हणतो आणि परिसरातल्या मावशीला 'तुम्ही'. म्हणजे हाक घरातली असली, तरी क्रियापद अंतर राखून असते. या अंतरात सभ्यता आहे. ज्या कार्यालयात मावशीला 'तू' म्हटले जाते, तिथे ते 'तू' घरातल्या मायेचे नसते, हे ऐकणाऱ्याला तत्काळ कळते. आणि 'तू' असो वा 'तुम्ही', या हाकेमागे त्या व्यक्तीचे नाव पुष्कळांना ठाऊक नसते.

साडेदहाच्या सुमारास कार्यालये भरतात. इथली भाषा निराळी. 'हजेरी' आणि 'मसुदा' अरबीतून आलेले. 'शिपाई' हा फारसीतला सैनिक, आपल्याकडे तो टपाल वाहू लागला. 'दफ्तर' तर फारसी-अरबीच्या मार्गाने थेट ग्रीकपर्यंत जाते. तिथे मूळ शब्दाचा अर्थ लिहिण्यासाठी कमावलेले कातडे असा होता. शिवकाळात रघुनाथ नारायण हणमंते यांच्या देखरेखीखाली 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध झाला आणि राज्यकारभारातल्या अशा शब्दांना संस्कृत पर्याय देण्यात आले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० साली भाषा संचालनालय आले आणि शासनव्यवहाराच्या मराठीकरणाचे काम सुरू झाले. त्यातून 'नस्ती', 'कार्यासन', 'टिप्पणी', 'लिपिक' हे शब्द कार्यालयांत रुळले. त्यामुळे आज एखाद्या कक्षात बसून ऐकले, तर तीन काळांची मराठी एकाच वाक्यात भेटते. आवक-जावक बारनिशीत नोंद होते, टिप्पणी सादर होते आणि शेवटी 'फाईल पुटअप' केली जाते.

या शब्दांपैकी 'कारकून' मला विशेष प्रिय आहे. हाही फारसीच, त्याचा अर्थ 'काम करणारा'. या शब्दाला आपण पुढे हिणकस छटा दिली, 'कारकुनी वृत्ती' असा वाक्प्रयोग केला, ही गोष्ट वेगळी. परंतु त्याच्या घडणीत नकार नाही. काम करणाऱ्याला काम करणारा म्हणणारा शब्द आपल्याजवळ होता आणि आपण 'शिक्षकेतर'पर्यंत येऊन पोहोचलो.

कारकुनाचे काम म्हणजे काय, याचा एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. या विद्यापीठाच्या कक्षेत पुण्याबरोबर अहिल्यानगर आणि नाशिक हे जिल्हेही येतात. त्यामुळे परीक्षा विभागाच्या खिडक्यांपुढे पहाटेची एस.टी. धरून आलेली माणसे नेहमी दिसतात. गुणपत्रकाची दुय्यम प्रत, स्थलांतर प्रमाणपत्र, नावातली दुरुस्ती अशी त्यांची कामे असतात. एकदा माझ्या पुढे रांगेत नाशिक जिल्ह्यातली एक तरुणी होती. तिच्या वडिलांचे नाव ज्ञानेश्वर. शाळेच्या दाखल्यावर त्याचे इंग्रजी स्पेलिंग 'डी'ने सुरू होत होते आणि गुणपत्रकावर 'जी'ने. दोन दिवसांनी तिच्या नोकरीची कागदपत्र-पडताळणी होती. एका अक्षराने ती नोकरी अडली असती.

खिडकीतल्या लिपिकाने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाला, "ताई, यात तुमचं काही चुकलेलं नाही. आपण 'द्न्य' म्हणतो, हिंदीत 'ग्य' म्हणतात. कुठल्या तरी अर्जात मशीननं 'जी' लावलंय. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जे आहे, तेच आपण धरायचं. प्रतिज्ञापत्र आणलंय ना? मग बसा तिथं."

'ज्ञ' हे ज् आणि ञ् यांचे जोडाक्षर. मराठीत त्याचा उच्चार 'द्न्य', हिंदीत 'ग्य', गुजरातीत 'ग्न' असा होतो, हे मी वर्गात एक तासभर शिकवते. त्या गृहस्थाने ते दोन वाक्यांत सांगितले आणि त्या ज्ञानाचा उपयोगही केला. नंतर तो उठला, टिप्पणी लिहिली, ती नस्ती शिपायाच्या हाती न देता स्वतः घेऊन वरच्या मजल्यावर गेला आणि सही घेऊन परतला. तोपर्यंत जेवणाची सुट्टी सुरू झाली होती आणि त्याचा डबा टेबलावर तसाच होता. त्या तरुणीच्या पदवीत प्राध्यापकांचा वाटा होताच. परंतु ती पदवी तिच्याच नावाची आहे, हे जगाला पटवून देणारा माणूस 'शिक्षकेतर' होता.

असे ज्ञान परिसरात जागोजागी आहे आणि त्याची नोंद कोणत्याही प्रबंधात नाही. ग्रंथालयात तालिकापत्रांच्या खणांचे दिवस होते, तेव्हा एक परिचर पुस्तकाचे नाव ऐकताच ते कोणत्या मजल्यावर, खिडकीपासून कितव्या मांडणीत आहे ते सांगत. पुस्तक वाचकाकडे गेले असेल, तर तेही त्यांना ठाऊक असे. माळीकाम करणाऱ्यांना कोणत्या वडाखाली पावसाचे पाणी साचते आणि कोणते झाड आतून पोखरले आहे, हे अभियंत्याच्या आधी कळते. परीक्षेच्या हंगामात मोहोरबंद गठ्ठे मोजणाऱ्यांच्या बोटांना शंभर उत्तरपत्रिकांची जाडी पाठ असते. पदवीप्रदान समारंभाच्या दिवशी मिरवणूक मान्यवरांची निघते. परंतु हजारो प्रमाणपत्रे योग्य क्रमाने लागलेली असतात, ती आदल्या रात्री उशिरापर्यंत थांबलेल्या माणसांमुळे.

गेल्या काही वर्षांत या जगात एक मोठा बदल झाला आहे. राज्यातल्या बहुतेक शिक्षणसंस्थांत स्वच्छता आणि सुरक्षा ही कामे कंत्राटी पद्धतीने होऊ लागली. मामा आणि मावशी आहेतच; परंतु त्यांच्या गणवेशावर पुरवठादार संस्थेचे नाव असते आणि कंत्राट बदलले की चेहरेही बदलू शकतात. पूर्वीच्या शिपायाचे सेवापुस्तक असे. त्यात नेमणुकीची तारीख, वेतनवाढ, अर्जित रजा आणि निवृत्ती यांच्या नोंदी होत. निरोपसमारंभात त्याला शाल-श्रीफळ मिळे आणि कुलसचिव दोन शब्द बोलत. कंत्राटावरच्या मावशींसाठी असे पुस्तक संस्थेत उघडलेच जात नाही. त्या कायद्याच्या भाषेत 'शिक्षकेतर'ही उरत नाहीत. नात्यातली हाक मिळते, पण नोंद मिळत नाही, अशी ही स्थिती आहे. संबोधनातल्या गोडव्याने ही उणीव भरून निघते असे समजणे सोयीचे असले, तरी खरे नाही.

२०१४ साली या विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. सावित्रीबाई आणि जोतीराव यांनी मुलींसाठी शाळा काढल्या, हे सर्वांना माहीत असते. त्यांनी १८५५ मध्ये शेतकऱ्यांसाठी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा चालवली, ही गोष्ट त्या मानाने कमी सांगितली जाते. दिवसभर राबणाऱ्याला रात्री शिकता आले पाहिजे, हा विचार पुण्यात इतका जुना आहे. काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी फाटकाजवळच्या चौकीत एक पहारेकरी दिव्याखाली पुस्तिका वाचत होता. मुक्त विद्यापीठाच्या मराठीच्या अभ्यासक्रमाची ती पुस्तिका होती. "मॅडम, 'विभक्ती' आणि 'कारक' यांत फरक काय?" असे त्याने विचारले. आम्ही बोलत असताना तीन वाहने आली. प्रत्येक वेळी तो उठला, नोंद केली, आडवा दांडा वर केला आणि परत येऊन राहिलेल्या वाक्यापासून पुढे ऐकू लागला. त्या वेळी तो विद्यार्थी होता, कर्मचारी होता आणि मला कारकाची उदाहरणे त्याच्या नोंदवहीतून देत होता. 'पहारेकऱ्याने दांडा उचलला' यातला कर्ता कोण, हे त्याला समजावून सांगावे लागले नाही.

ही पुस्तिका वाचणाऱ्यांपैकी अनेक जण दिवसा कुठे ना कुठे काम करत असतील: रुग्णालयात, आगारात, ग्रामपंचायतीत, दुकानात, शेतात. भाषेचा अभ्यास करण्यासाठी त्यांना दूर जाण्याची आवश्यकता नाही. आपल्या कामाच्या जागी कोण कोणाला काय म्हणते, कोणाला 'तुम्ही' आणि कोणाला 'तू' म्हटले जाते, कोणते अवजार कोणत्या नावाने ओळखले जाते, कोणाला नावाने हाक मारतात आणि कोणाला केवळ पदाने, हे एका वहीत टिपून ठेवावे. पंधरा दिवसांत वही भरेल. तिच्यात व्याकरण असेल, शब्दांचा इतिहास असेल आणि माणसांना माणसे कोणत्या जागी बसवतात, हेही असेल. वहीच्या पहिल्या पानावर मात्र त्या सर्वांची पूर्ण नावे लिहावीत. ती विचारून घ्यावी लागतील. आणि नाव विचारले की माणसे आपल्या कामाविषयी आपण होऊन बोलू लागतात, असा माझा अनुभव आहे.