मिरजोळ्याहून जर्मनीला

मैत्रिणींनो, रत्नागिरीजवळचं मिरजोळे म्हटलं की एम.आय.डी.सी.चे कारखाने आठवतात. पण मोठा रस्ता सोडून वाडीत उतरलं की चिऱ्याचे गडगे अन् आंब्याफणसांची सावली! तिथे माझी भाची राहते. तिचा दोन वर्षांचा लेक खळ्यात कोंबडीमागे धावत होता. सांभाळायला आजी आहे, काकू आहे, शेजारीणही आहे. आणि ही मंडळी निघालीत जर्मनीला!

"मावशी, पाळणाघर कसं निवडू गं? याला धड सांगताही येत नाही."

तिला सांगितलं तेच तुम्हालाही सांगते. तिकडे २०१३ पासून वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला पाळणाघरात जागा मिळण्याचा कायद्याने हक्क आहे. तरी जागा लगेच मिळतेच असं नाही. तेव्हा राहायचं गाव ठरताच दोन-चार ठिकाणी अर्ज करून ठेवा. रंगीत खेळण्यांना भुलू नका, बरं का! आधी विचारा, सुरुवातीला आईला जवळ बसू देता का? तिकडे पुष्कळ ठिकाणी आई किंवा बाबा सोबत बसतात, मग थोडा वेळ बाहेर, मग जरा जास्त, असे काही आठवडे जातात. आपण नोकरीवर रुजू व्हायची तारीख त्या हिशोबानेच घ्यावी.

शिवाय बाळाचे शब्द अर्थासकट लिहून तिथल्या बाईंना द्यावेत. भाचीने लगेच वही काढली: मम्मं, शू, भूभू, गाई-गाई.

"त्यात 'आजी'ही लिही," पडवीतून तिच्या सासूबाई म्हणाल्या. "रडताना तेच म्हणेल तो. त्यांना कळायला नको?"