टोकोनामेची चहादाणी

जपानातील नागोया शहरातून आगगाडीने दक्षिणेकडे निघाले म्हणजे पाऊण तासाच्या आत चिता द्वीपकल्पावरील टोकोनामे हे गाव लागते. २००५ साली गावासमोरच्या समुद्रात भराव घालून मोठा विमानतळ उभा राहिला. तेव्हापासून पुष्कळ प्रवासी या गावावरून जातात, उतरणारे थोडे. आम्ही उतरलो आणि दिवसभर पायीच हिंडलो.

टेकडीवरच्या अरुंद वाटांच्या कडेला ज्या भिंती आहेत त्या दगडी नव्हेत. सांडपाण्याचे भाजके नळ व दारूच्या मातीच्या बरण्या एकावर एक रचून त्या उभ्या केल्या आहेत. सुमारे नऊशे वर्षे येथे मातीचे काम चालू आहे. प्रथम मोठे रांजण, मग एकोणिसाव्या शतकात सबंध देशाला लागणारे नळ. १८८७ साली बांधलेली एक चढती भट्टी जपून ठेविली आहे. उतारावर आठ दालने व माथ्यावर कमीअधिक उंचीची दहा धुराडी आहेत. १९७४ नंतर तिच्यात विस्तव पडलेला नाही. दुकानांतून मातीच्या मांजरांचा सुकाळ आहे. त्यांविषयी अधिक लिहावेसे आम्हांस वाटत नाही.

येथील खरी वस्तू म्हणजे लाल मातीची, झिलई न दिलेली लहान चहादाणी. तिला 'क्यूसू' म्हणतात. मातीतील लोहामुळे भाजल्यावर तिला शेंदरी-तांबूस रंग येतो. काळी हवी असल्यास तीच भाताच्या तुसात पुन्हा भाजतात. तिचा दांडा मागे नसून तोटीशी काटकोन करून उजव्या अंगाला असतो. एका हाताने दांडा धरावा, अंगठ्याने झाकण दाबावे आणि मनगट वळवावे, की चहा पेल्यात उतरला. १८७८ साली एका चिनी कारागिरास बोलावून येथील लोकांनी त्याची हातोटी शिकून घेतली. पुढे याच कामासाठी तिसरे यामादा जोझान यांना १९९८ मध्ये जपान सरकारने 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा मान दिला.

चहादाणीचे अंग, तोटी, दांडा, झाकण व आतील मातीची चाळणी हे सर्व वेगवेगळे घडवून ओलसर असतानाच जोडतात. परंतु आम्हांस सर्वांत आवडले ते भाजल्यानंतरचे काम. झाकण भांड्यावर बसवून, मध्ये कुरुंदाची बारीक पूड व पाणी घालून, दोन्ही एकमेकांवर घासतात. त्यामुळे झाकण इतके चपखल बसते की त्यावरचे बारीक छिद्र बोटाने दाबताच चहाची धार थांबते. मात्र ते झाकण दुसऱ्या कोणत्याही चहादाणीस बसत नाही. ते फुटले की जोडीच गेली.

आज जपानातील पुष्कळ घरांत, विशेषतः तरुणांच्या, चहादाणीच नसते. बाटलीतला तयार चहा विकत मिळतो. ज्यांच्याकडे ती आहे त्यांनाही तिची निगा ठाऊक असतेच असे नाही. आमच्या वाचक भगिनींना मात्र ती सांगावी लागणार नाही. ही माती माठाइतकी पाझरत नाही, तरी वास धरते. म्हणून माठाप्रमाणेच हिलाही साबण लावू नये. चहा शेवटच्या थेंबापर्यंत ओतावा, पत्ती आत शिळी होऊ देऊ नये, आणि नुसत्या गरम पाण्याने धुऊन, झाकण बाजूला काढून, सावलीत वाळू द्यावे. चाळणीत पत्ती अडकल्यास मऊ कुंचल्याने काढावी. तापलेल्या भांड्यावर थंड पाणी ओतल्यास तडा जाण्याची भीती असते. सुगंधी चहासाठी वेगळे भांडे ठेवावे. हिरवा चहा उकळत्या पाण्यात कडवट होतो. पाणी सत्तर-ऐंशी अंशांवर उतरू द्यावे आणि मिनिटभर थांबावे.

आणखी एक. विकत घेताना तोटीच्या टोकाला प्लॅस्टिकची लहानशी नळी बसविलेली असते. ती वाटेत तोटीचा टवका उडू नये म्हणून असते. कित्येक जण ती तशीच ठेवतात, आणि तिच्यात चहा साचून बुरशी धरते. घरी आल्याबरोबर ती काढून टाकावी.