एक्सपीवरचं मराठी

आमच्या क्षेत्रात जुनी ऑपरेटिंग सिस्टिम हा हमखास चालणारा विनोद आहे. एखाद्या काउंटरमागे विंडोज एक्सपीची ती हिरवी टेकडी दिसली की फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा. मी पुण्यात आयटी सपोर्टमध्ये काम करते. कंपन्यांचे कॉम्प्युटर विंडोज १० वरून ११ वर नेणं हे सध्या माझं मुख्य काम. आणि माझ्या मामांच्या कराडच्या छापखान्यात आजही एक्सपीच चालतं. त्यामुळे त्या विनोदावर मला पुरतं हसता येत नाही.

कंपन्या अपग्रेड करतात ते नव्याच्या हौसेनं नाही. त्यांना तारीख गाठते. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सपोर्ट संपला म्हणून कॉम्प्युटर बंद पडत नाही. पुढे सापडणारी भोकं कोणी बुजवत नाही, एवढंच. पण ऑडिटर नेमकं त्यावरच बोट ठेवतो. मुदत वाढवून हवी असेल तर कंपन्यांना पहिल्या वर्षी दर मशीनमागे ६१ डॉलर, पुढे दर वर्षी दुप्पट. शिवाय विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, म्हणून ठणठणीत पीसीसुद्धा भंगारात जातात.

कधी कधी धक्का वरून द्यावा लागतो. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, तरी आपल्याकडची बरीच एटीएम त्यावरच चालू होती. अखेर जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना टप्पे ठरवून दिले आणि सगळी एटीएम जून २०१९ पर्यंत सपोर्ट असलेल्या सिस्टिमवर आणायला सांगितली.

मामांना अशी तारीख गाठत नाही. त्यांचं ऑडिट गिऱ्हाईक करतं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल वेळेत मिळाले की झालं. मी एकदा नवा पीसी घेऊ या म्हटलं, तेव्हा ते म्हणाले, "पीसी येईल गं. त्याच्यामागची वरात कोण आणणार?"

वरात खरंच मोठी आहे. पेजमेकर ७ हे २००१ सालचं. त्यानंतर त्याची नवी आवृत्ती आलीच नाही, आणि युनिकोड मराठी त्याला कळत नाही. मराठी फॉन्टचं पॅकेज चालतं ते पीसीच्या मागे, जुन्या प्रिंटर पोर्टमध्ये लावलेल्या लॉकवर. ते पोर्ट नव्या पीसीला नसतं आणि त्या लॉकचा ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजवर बसत नाही. शिवाय डीटीपी करणाऱ्या ताई. वीस वर्षं एकाच कीबोर्ड लेआउटवर त्यांची बोटं फिरतायत. नजर कागदावर, स्क्रीनकडे बघतसुद्धा नाहीत. ऐन लग्नसराईत त्यांना नवा लेआउट शिकायला लावणं म्हणजे छापखाना महिनाभर बंद ठेवणं.

मोठ्या जागी आकडे मोठे होतात, गणित हेच राहतं. कारखान्यातलं सीएनसी मशीन किंवा हॉस्पिटलमधला स्कॅनर पंधरा-वीस वर्षं चालतो. त्याच्या पोटातल्या विंडोजचा सपोर्ट साधारण दहा वर्षांत संपतो. आणि स्कॅनरची सिस्टिम कोणी आपल्या मनानं बदलू शकत नाही. बनवणाऱ्या कंपनीनं ती तपासून मान्य करावी लागते.

मग धोका नाही का? आहेच. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय पसरला आणि ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत अंदाजे १९ हजार अपॉइंटमेंट रद्द झाल्या. तेव्हा सगळ्यांनी एक्सपीला शिव्या घातल्या. पण तिथली बहुतेक बाधित मशीन विंडोज ७ वर होती. त्या वेळी विंडोज ७ ला सपोर्ट होता, पॅच दोन महिने आधीच आला होता, तो टाकला गेला नव्हता. म्हणजे जुनं असणं आणि बेवारस असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मामांच्या मशीनला नेट नाही. गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह आधी दुसऱ्या पीसीवर तपासायचे, हा नियम मी घालून दिलाय.

माझी खरी काळजी वेगळी आहे. तालुक्यातल्या एका गुरुजींनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. मामांनी त्यांचं पुस्तक छापलं, पाचशे प्रती. गुरुजी आता नाहीत. त्यांच्या मुलीला दुसरी आवृत्ती हवी आहे, फोनवर वाचता येईल अशी. फाइल आहे. पण त्या फॉन्टमध्ये 'क' हा क नाहीच. दुसऱ्याच कुठल्या चिन्हाच्या जागी क चं चित्र बसवलंय. तो मजकूर फोनवर घेतला की ओवीच्या जागी कंस, टिंबं आणि इंग्रजी अक्षरांचा खच पडतो. आणि वीसेक वर्षांचं असं सगळं काम ज्या हार्ड डिस्कवर आहे, ती आता कटकट आवाज करते.

आम्ही आधी डिस्कची कॉपी काढली. छपाई एक्सपीवरच राहू दिली. आता दर रविवारी मजकूर युनिकोडमध्ये आणतोय. जुनी फाइल 'कि' लिहिताना वेलांटी आधी ठेवते आणि क नंतर, जसं डोळ्याला दिसतं तसं. युनिकोडमध्ये क आधी येतो. रफाराचं नेमकं उलटं. कन्व्हर्टर बरंचसं उलगडतो, पण जोडाक्षरांत अडखळतो. ओव्यांतली बोली तर कुठल्याच स्पेलचेकला माहीत नाही. तिथे ताईच लागतात. मी एखादा शब्द दुरुस्त करायला जाते आणि त्या म्हणतात, "राहू दे गं, गुरुजींनी असंच लिहिलं होतं. मीच टाइप केलंय ना."

हे ज्ञान कुठल्याच बॅकअपमध्ये नाही. म्हणून ताई कामावर आहेत तोवर हे उरकायचंय.

आता ऑफिसातही अपग्रेडची यादी करताना मी एक प्रश्न जास्तीचा विचारते: हे मशीन उद्या बंद पडलं, तर यातलं काय कुठेच वाचता येणार नाही? आधी सगळे एकमेकांकडे बघतात. मग कोणीतरी कपाट उघडून एक सीडी काढतं. आणि ती लावायला ड्राइव्ह असलेला एकही कॉम्प्युटर त्या मजल्यावर नसतो.