डॉन्टिंग म्हणजे काय हो?



आमच्या सूनबाईंच्या तोंडी हल्ली एक शब्द फार असतो, ‘डॉन्टिंग’. ऑफिसचं प्रेझेंटेशन डॉन्टिंग, नातवाचा गणिताचा पेपर डॉन्टिंग, चाळीस माणसांचं जेवण तर विचारूच नका! नुसतं बघूनच हातपाय गळतात, सुरुवातच होत नाही, असं काम. भयंकर वेगळं. भयंकर म्हणजे साप. डॉन्टिंग म्हणजे दिवाळीआधीचा माळा.

मी शब्दाचं मूळ शोधलं. लॅटिनमध्ये ‘डोमारे’ म्हणजे जनावर माणसाळवणं, त्यावरूनच ‘डोमितारे’. तो जुन्या फ्रेंचमधून फिरत 1300 च्या सुमारास इंग्रजीत आला आणि ‘डॉन्ट’ झाला. तेव्हा अर्थ होता काबूत आणणं, नमवणं. धाक घालून खचवणं हा अर्थ मागाहून चिकटला. इंग्रजीतला ‘टेम’, म्हणजे पाळीव, हाही याच कुळातला. आणि आपला संस्कृत ‘दम्’ धातूसुद्धा! दमन, दांत हे शब्द त्याचेच. (जिना चढताना आपल्याला लागतो तो दम वेगळा. तो फारसी, म्हणजे श्वास.)

मला गंमत वाटली ती इथे. प्रवचनात आपण इंद्रियदमन ऐकतो, त्यात वेसण आपल्या हातात असते. डॉन्टिंगमध्ये वेसण कामाच्या हातात, आणि बैल आपण! शब्द एकाच घरातले, पण एक सासरी गेल्यावर पार बदलला.

माझ्यापुढे सध्या ह्यांचं कपाट आहे. ह्यांना जाऊन सव्वा वर्ष झालं. शेअर, ठेवी, विम्याचे कागद, सगळं नावावर करून घ्यायचंय. मी बी.कॉम. आहे, ताळेबंद मला वाचता येतो. पण प्रत्येक कागदावर ह्यांची सही दिसते, आणि मग कपाट बंद होतं. लेक म्हणतो, “आई, मी करतो.” मी नको म्हटलंय.

आता सामायिक झाली की रोज एकच फाइल काढते. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती, केवायसीचे कागद, फॉर्म, सगळं वहीत तारखेनिशी लिहिते. बँकेच्या दोन ठेवी झाल्या. शेअरच्या फाइलला अजून हात लावलेला नाही, ती सगळ्यात जाड आहे. सोमवारी काढणार आहे.