लक्षात न राहणारा चेहरा

डेव्हिड लीनच्या ‘अ पॅसेज टू इंडिया’त प्राध्यापक नारायण गोडबोले पडद्यावर येतात तेव्हा मराठी प्रेक्षक जरा सरसावून बसतो. आडनाव घरचं, कपाळाला गंध, डोक्याला पागोटं. पण पागोट्याखाली आहे सर अ‍ॅलेक गिनेस, सत्तरीला टेकलेला, चेहऱ्याला तपकिरी रंग फासलेला. दोन मिनिटांत कळतं की या गोडबोल्यांशी आपली सोयरीक काही जुळायची नाही. एवढ्या बारीक नजरेच्या नटाला शूटिंगआधी चार दिवस सदाशिव पेठेतल्या एखाद्या ओसरीवर नेऊन बसवायला हवं होतं, असं मला तो चित्रपट पाहताना दर वेळी वाटतं.

ई. एम. फॉर्स्टरच्या कादंबरीतले गोडबोले दख्खनी ब्राह्मण. फॉर्स्टर १९२१ साली देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांकडे खासगी चिटणीस होता. पवारांच्या त्या मराठा दरबारातली गोकुळअष्टमी त्याने जवळून पाहिली आणि कादंबरीच्या शेवटच्या भागात उतरवली. तिथे गोडबोले गळ्यात झांजा अडकवून, तुकारामाचं नाव घेत, भान हरपून नाचतात. गिनेसने चित्रपटासाठी नाच शिकून घेतला होता. लीनने संकलनाच्या टेबलावर त्याला कात्री लावली. दोघांचा सहावा चित्रपट एकत्र, चाळीस वर्षांची ओळख, आणि शेवटी हा मनस्ताप. म्हणजे आपल्या वाट्याला रंग आणि पागोटं आलं, तुकाराम गेला. राग नेमका कुणावर काढावा?

एरवी हा माणूस असा कुणाच्या पकडीत येत नसे. त्याच्याबद्दल एक किस्सा सांगतात. एका उपाहारगृहात कोट-टोपी ठेवून घेणाऱ्याने त्याला बिल्ला दिलाच नाही. लागणार नाही साहेब, म्हणाला. आपल्याला ओळखलं म्हणून गिनेस सुखावला. परत निघताना कोटाच्या खिशात हात घातला तर चिठ्ठी निघाली. तिच्यावर लिहिलं होतं: टक्कल, चष्मा.

या चेहऱ्याला नावही धड नव्हतं. २ एप्रिल १९१४ रोजी लंडनच्या मेडा व्हेल भागात तो जन्मला. जन्मदाखल्यावर आईचं नाव आहे, बापाचा रकाना कोरा. मधे आईने एका स्कॉटिश कप्तानाशी लग्न केलं, तेव्हा पोरगा स्टीव्हन झाला. चौदाव्या वर्षी त्याला सांगण्यात आलं की तू स्टीव्हन नव्हेस, गिनेस आहेस. शाळेची फी एक बँकवाला गृहस्थ भरायचा. बाप तोच असावा असा तर्क, खात्री कधीच झाली नाही. आई बिऱ्हाडं बदलत राहिली, भाडी थकत राहिली. गंमत म्हणजे ज्या चित्रपटाने त्याला ऑस्कर मिळवून दिलं, त्या ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’च्या श्रेयनामावलीतसुद्धा त्याच्या आडनावातलं एक अक्षर गळालं होतं.

अशा मुलाने दुसऱ्यांची नावं अंगावर चढवायचा धंदा पत्करला यात नवल नाही. सुरुवातीला तो जाहिरात कंपनीत मजकूर लिहायचा. तिथे जीव रमेना. मग नाट्यशिक्षणाची शिष्यवृत्ती, अर्धपोटी दिवस. जॉन गिलगुड तेव्हा लंडनच्या रंगभूमीवर तळपत होता. त्याने या हडकुळ्या पोराला वीस पौंड देऊ केले. खिशात खुर्दा असताना पोराने नको म्हटलं. मग १९३४ च्या आपल्या ‘हॅम्लेट’मध्ये गिलगुडने त्याला ऑझ्रिकचं छोटं काम दिलं. चारच वर्षांनी टायरन गथ्रीच्या दिग्दर्शनाखाली गिनेस स्वतः हॅम्लेट झाला, तोही आधुनिक कपड्यांत आणि एक ओळ न कापता.

युद्धात तो नौदलात गेला. १९४३ साली सिसिलीवरच्या चढाईत सैनिक उतरवणाऱ्या एका बोटीचा तो अधिकारी होता. चढाई तासभर पुढे ढकलल्याचा निरोप त्याच्यापर्यंत पोचलाच नाही, आणि स्वारी ठरल्या वेळेला किनाऱ्यावर हजर, एकटीच. वरिष्ठ त्याच्यावर उखडले. गिनेसने त्यांना ऐकवलं की लंडनच्या वेस्ट एंडमध्ये आठचा पडदा आठलाच उघडतो, नाहीतर कुणाची तरी नोकरी जाते. माणूस वर्दीतही नाटकवालाच राहिला.

परतल्यावर लीनकडे त्याने फॅगिनची भूमिका मागितली. ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधला चोरांचा तो म्हातारा म्होरक्या या कोवळ्या पोराला कसा जमणार, असं लीनला वाटत होतं. गिनेस रंगभूषा करून समोर उभा राहिला आणि वाद मिटला. पण ते प्रचंड नाक पाहून ज्यूंची मनं दुखावली. बर्लिनमध्ये दंगा झाला, आणि अमेरिकेत चित्रपट तीन वर्षं अडकून पडला, मग काटछाट करून दाखवला. आपल्या गोडबोल्यांचा राग त्यापुढे किरकोळच म्हणायचा. तरी दोन्हीकडे दोष एकाच जागी आहे. दुसऱ्या समाजाचा माणूस व्हायचा म्हटलं की त्याचा हात आधी रंगाच्या डबीकडे जाई.

स्वतःच्या समाजातला माणूस मात्र तो नुसत्या खांद्याच्या झुकावाने उभा करी. १९४९ चा ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’ बघावा. वारसाहक्कासाठी एक तरुण डॅस्कॉइन घराण्यातले एकेक जण संपवत जातो. घराण्यातले ते आठही जण गिनेसच, त्यात एक बाईसुद्धा. चर्चमधल्या प्रसंगात सहा डॅस्कॉइन एकाच चौकटीत दिसतात. आज संगणकावर हे चुटकीसरशी होईल. तेव्हा डग्लस स्लोकम या छायाचित्रकाराने कॅमेरा जमिनीला जखडून टाकला, भिंगापुढे झडपा लावून चौकटीचा एकच तुकडा उघडा ठेवला, आणि फिल्म पुन्हा पुन्हा मागे गुंडाळून प्रत्येक वेळी पुढचा तुकडा चित्रित केला. मधल्या वेळात गिनेस रंग पुसून नवा नातेवाईक होऊन यायचा. कॅमेरा केसभर हलला तरी सगळं मुसळ केरात, म्हणून स्लोकम रात्री स्टुडिओतच कॅमेऱ्याशेजारी झोपला. आता त्या सहा जणांकडे नीट पाहा. पाद्री, दर्यावर्दी, सेनापती, वेश निराळे आहेतच. पण वेश झाकून पाहिलं तरी मानेवरून माणूस ओळखू येतो.

चालीवर त्याचा सगळा भरवसा. माणूस चालतो कसा हे सापडलं की बाकीचं मागोमाग येतं, असं तो मानायचा. ‘क्वाय’मधला कर्नल निकोल्सन जपान्यांच्या तापलेल्या पत्र्याच्या कोठडीतून बाहेर येतो आणि आपल्या सैनिकांदेखत कमांडंटच्या खोलीपर्यंत चालत जातो. पाय साथ देत नाहीत, पण पाठ वाकवायची नाही. चित्रीकरण झालं सिलोनात. चाल मात्र त्याच्या घरची होती. त्याचा मुलगा मॅथ्यू अकराव्या वर्षी पोलिओने अंथरुणाला खिळला होता, आणि बरा होताना जसा पाऊल टाकायचा, तसं पाऊल बापाने निकोल्सनला दिलं. हे कळल्यानंतर त्या प्रसंगाकडे नुसतं कौशल्य म्हणून बघता येत नाही. पोराचं दुखणं कामाला लावणं हे क्रूर वाटावं, आणि तरी ते प्रेमातूनच आलेलं दिसतं.

त्याआधी ‘फादर ब्राउन’साठी तो फ्रान्समध्ये बर्गंडीत होता. संध्याकाळी चित्रीकरण आटोपून पाद्र्याच्या झग्यातच मुक्कामाकडे निघाला. वाटेत कुठल्याशा लहान मुलाने त्याचा हात धरला, फ्रेंचमध्ये अखंड बडबड करत बरोबर चालत राहिला, आणि आपली वाट आल्यावर निरोप घेऊन कुंपणातून नाहीसा झाला. झगा पाहून पोराने एका अनोळखी माणसावर एवढा विश्वास टाकला, हे गिनेसच्या मनात घर करून राहिलं. पुढे मुलगा आजारातून उठला, आणि १९५६ साली गिनेस कॅथलिक झाला.

‘स्टार वॉर्स’बद्दल थोडक्यातच सांगतो, कारण त्यालाही तेच आवडलं असतं. नफ्यातल्या सव्वादोन टक्क्यांनी म्हातारपणाची ददात मिटली, आणि त्यातले संवाद त्याला मरेपर्यंत खुपत राहिले. शंभर वेळा चित्रपट पाहिल्याचं सांगणाऱ्या एका पोराला त्याने सही दिली ती पुन्हा न पाहण्याच्या अटीवर. पोर रडलं. या प्रकरणात मी पोराच्या बाजूने आहे.

माझ्या मते त्याचं सर्वांत मोठं काम टीव्हीवरचं: १९७९ साली बीबीसीवर आलेली ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ ही जॉन ल कारेच्या कादंबरीवरची मालिका. निवृत्त हेर जॉर्ज स्मायली. नाक नाही, रंग नाही, पागोटं नाही. आधी गिनेसला खरा हेर पाहायचा होता, म्हणून ल कारेने ब्रिटिश गुप्तहेर खात्याचे माजी प्रमुख मॉरिस ओल्डफील्ड यांना जेवायला बोलावलं. गिनेसची नजर त्यांच्या भडक कफलिंक्सवरून हटेना. ओल्डफील्ड मद्याच्या पेल्याच्या कडेवर बोट फिरवत होते, तेही त्याने टिपलं. ते उठून गेल्यावर त्याने ल कारेला पहिली चौकशी केली ती त्या कफलिंक्सची: सगळेच हेर असले घालतात का?

पडद्यावर स्मायली फारसं काहीच करत नाही. समोरचा बोलत असतो, हा ऐकतो. चष्मा काढतो, टायच्या रुंद टोकाने काचा सावकाश पुसतो, परत चढवतो. तेवढ्या वेळात समोरचा चार वाक्यं जास्तीची बोलून बसलेला असतो. टक्कल आणि चष्मा, एवढीच सामग्री. ल कारेचीच पंचाईत झाली: लिहायला बसलं की त्याला गिनेसचा आवाज ऐकू यायचा, आणि आपला स्मायली या नटाने नेला असं तो सांगू लागला. १९८२ साली ‘स्मायलीज पीपल’ही टीव्हीवर आली. त्यानंतर ल कारेच्या कादंबरीत स्मायली पुन्हा दिसला तो थेट १९९० साली, तोही निवृत्त पाहुणा म्हणून, नवशिक्या हेरांपुढे जेवणानंतर चार गोष्टी सांगायला.