देवनारातली रेवा

मुंबईतल्या आमच्या देवनारमध्ये खिडकी उघडी ठेवायची की बंद, हे वारा ठरवतो. संध्याकाळी तो डम्पिंग ग्राउंडकडून फिरला की घरोघरी काचा ओढल्या जातात. मग खोलीत उकाडा आणि टेपरेकॉर्डर, एवढंच उरतं. २००० साली त्या बंद काचांआड मी ‘कंदिसा’ची कॅसेट इतक्यांदा वाजवली, की खालचे काका जिन्यात विचारायचे, “काय रे, आज चर्चला सुट्टी का?”

काकांचं फारसं चुकत नव्हतं. ‘कंदिसा’ हे शीर्षकगीत म्हणजे केरळच्या सीरियन ख्रिश्चनांची जुनी प्रार्थना, सिरियाक भाषेतली. त्याच कॅसेटवर गोरख पांडे यांचं ‘हिल्ले ले’, आणि त्याच कॅसेटवर नर्मदेचं लोकगीत, ‘मा रेवा’. ही कॅसेट इंडियन ओशन या दिल्लीच्या बँडची. त्यात तेव्हा सुस्मित सेन यांची गिटार, राहुल राम यांचा बेस, अमित किलम यांचे ड्रम, आणि असीम चक्रवर्ती तर तबला वाजवता वाजवताच गायचे. फ्यूजन या शब्दाची मला तेव्हाही चीड होती. बहुतेक फ्यूजनमध्ये सतार पुढे, ड्रम मागे, आणि दोघांची ओळख कुणी करूनच दिलेली नसते. इथे मात्र चौघं एकाच ताटात जेवत होते.

‘मा रेवा’ हे मला नाचायचं गाणं वाटायचं. बेस सुरू झाला की पाय आपोआप हलायचा, मांडीवरचं पुस्तक खाली पडायचं. शब्दांकडे लक्ष कोण देतो!

पुढे कळलं, की राहुल राम कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन आल्यावर काही वर्षं नर्मदा बचाव आंदोलनात होते आणि हे गाणं त्यांनी खोऱ्यातून आणलेलं. त्या आंदोलनाच्या मेधा पाटकर शिकल्या त्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणात महाराष्ट्रातल्या अक्कलकुवा-अक्राणीची ३३ गावं बाधित झाली. तिथल्या पुनर्वसनावर देखरेख ठेवण्याचं काम शासनाने काही वर्षं याच संस्थेकडे दिलं होतं. ज्या फाटकासमोर मी रोज बसची वाट बघायचो, त्याच्या आतल्या कपाटांतून मणिबेलीकडच्या घरांची, शेतांची मोजदाद पडून होती. १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने धरणाचं काम पुढे न्यायला परवानगी दिली. त्या संध्याकाळीही मी बहुधा तीच कॅसेट लावली असणार. पाय हलवत.

हे ध्यानात आल्यावर इतकं ओशाळल्यासारखं झालं, की काही वर्षं ते गाणं आलं की मी कॅसेट पुढे पळवायचो. तो शहाणपणा नव्हता. त्या गाण्यात घोषणा नाही, तक्रार नाही. नदीच्या वाहण्याचं कौतुक आहे, बस. घर बुडायची टांगती तलवार असलेल्या खोऱ्यातून जर इतकं प्रसन्न गाणं आलं, तर त्यावर तोंड पाडून बसण्याचा अधिकार मला कुणी दिला होता? २००९च्या नाताळात असीम चक्रवर्ती गेले, तेव्हा मी ते परत पूर्ण ऐकलं.

आमची मावशी २०१९च्या हिवाळ्यात बसने नर्मदा परिक्रमा करून आली. जगन्नाथ कुंटे यांचं ‘नर्मदे हर हर’ वाचून तिच्या डोक्यात ते खूळ शिरलं होतं. पुस्तकातल्यासारखं शूलपाणीच्या झाडीत आपल्याला लुटायला कुणी आलं नाही, याचं तिला थोडं वाईटही वाटत होतं. म्हटलं, “मावशी, ऐक, ही तुझीच नर्मदा.” आता कॅसेट नाही, मोबाइल. ती गुडघ्यावर ताल धरून ऐकत राहिली. “हे भजनच आहे रे, नुसतं पळवलंय,” म्हणाली. मग तिचा हात थांबला.

“बडवानीला राजघाटावर आम्ही उतरलो ना, तिथं दिवा सोडला मी. द्रोणात. बराच वेळ बघत बसले.” त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सरदार सरोवर धरण पहिल्यांदाच पूर्ण, १३८.६८ मीटरपर्यंत भरलं होतं.

“मग?”

“कुठे जाईना तो. पाणी उभंच होतं.”

गाणं अजून चालू होतं. वारा फिरला होता. मावशी उठली आणि काच ओढून आली.